केरबाचं दार

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल राहत होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. मला नीट सांगता येणार नाही आणि तुम्हाला तिथं जाता येणार नाही. तेव्हा आहे तिथं बसून ऐका.

अस्वलाचं नाव केरबा. बायकोचं नाव ठकू. दोन पिल्लं होती. दरडीच्या पोटात त्यांची मातीची गुहा होती. खाऊनपिऊन सुखी घर.

पण त्या साली मोह असा फुलला, की झाडाखाली पाऊल टाकलं तर फुलांत बुडायचं. केरबानं आधी पाऊल बुडवलं, मग तोंड बुडवलं, आणि बहर संपेपर्यंत वर काढलंच नाही.

बहर संपल्यावर तो घरी आला. डोकं दारातून आत गेलं. खांदे आत गेले. पोट म्हणालं, मी इथंच थांबतो.

ठकूनं आतून ओढलं. पिल्लांनी कान धरून ओढलं. काही उपयोग झाला नाही. केरबा बाहेर राहिला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं केसाळ अस्वल, त्याला बाहेर झोपायला काय झालं? पण पलीकडच्या डोंगरावरनं एक वाघ नुकताच इकडं आला होता. त्याची डरकाळी रोज थोडी थोडी जवळ येत होती. ठकू पिल्लांना कुशीत घेऊन आत पडायची आणि बाहेरचं घोरणं ऐकायची. घोरणं थांबलं की ती उठून दारापाशी यायची.

"अहो, आहात ना?"

"आहे, आहे. कूस बदलत होतो."

शेवटी ती म्हणाली, "अहो, दार जरा उकरून रुंद करू या का?"

केरबा ताडकन उठून बसला. "ठके! भावकीत तोंड दाखवायचंय मला!"

त्याचंही खरं होतं. अस्वलांच्यात एक रीत आहे. पोरगं वयात आलं, की स्वतःच्या अंगाच्या मापानं दार कोरतं, आणि ते माप जन्मभराचं. पुढं दार उकरून मोठं केलं, की नाक गेलंच. केरबाच्या एका चुलत्यानं केलं होतं. बिचारा कधीच गेला, पण लग्नात जेवणाची पंगत बसली, की त्याचं नाव अजून निघतं आणि लोक हसता हसता ठसकतात.

"दार बरोबर आहे," केरबा म्हणाला. "चुकलंय ते माझं. आता मीच बारीक होऊन दाखवतो."

त्या जंगलात बारीक व्हायची सोय होती. उंबराखाली सकाळी लिंबाजी वानराचा क्लास भरायचा. सगळ्यांचा मिळून एकच. गवा यायचा, ससा यायचा, दोन सांबरिणी गप्पा मारत यायच्या. लिंबाजी मास्तर फांदीवरनं शिकवायचे.

"शेपटीनं फांदी धरा! उलटे लोंबा! मागची रांग, ऐकू येतंय का?"

"मास्तर," केरबा म्हणाला, "माझी शेपटी बोटभर आहे."

"मग मनात लोंबा!"

केरबा डोळे मिटून मनात लोंबला. शेजारी ससा मनात लोंबता लोंबता झोपला. गवा उभ्या उभ्या चरत होता. घोळक्याचं हे एक बरं असतं. कुणी काय केलं ते कळत नाही, पण सगळ्यांनी मिळून काहीतरी केलं असं वाटतं. शेवटी सगळे एकदम "हुप्प!" म्हणायचे आणि झाडाखाली पडलेली उंबरं खायचे.

केरबा घरी यायचा तो गाणं म्हणत. "ठके, लई मजा आली!"

"मजा आली ती आत घेऊन या," ठकू म्हणायची.

डोकं जायचं. खांदे जायचे. पोट तिथंच.

एके दिवशी ससा त्याला म्हणाला, "काका, घोळक्यात तुमच्याकडं कोण बघणार? तुम्हाला पर्सनल ट्रेनर पाहिजे."

पर्सनल ट्रेनर म्हणजे साळिंदर सर. ते एका वेळी एकालाच घ्यायचे. त्यांची पद्धत साधी होती. विद्यार्थ्यानं पुढं उभं राहायचं, सरांनी मागं. सर अंगावरचे काटे उभे करायचे. विद्यार्थी दमून खाली बसला, की आपोआप उठायचा.

केरबा बसला. उठला. पुन्हा बसला. पुन्हा उठला.

"शाबास," सर म्हणाले. "जमतंय की."

"सर, जरा दम खाऊ का?"

"दम खा. दुसरं काही खाऊ नका."

पण एकट्याचं मन रमेना. शेजारी झोपायला ससा नाही, हुप्प म्हणायला कुणी नाही. केरबानं एकट्यानंच हुप्प म्हणून बघितलं. फार उदास वाटलं.

शिवाय सरांची फी होती. रोज ताज्या रानकंदांचा ढीग. केरबा घरी यायचा तोच लटपटत, तो काय खणणार? खणायचं ठकूनं. वाघाच्या भीतीनं पिल्लांना सोडून तिला लांब जाता येईना. गुहेच्या दोन्ही अंगांना कंदाचे वेल चढलेले होते. ती तिथंच बसून खणायची.

इकडं केरबानं एक तोड काढली. तो सरांना म्हणाला, "सर, तुम्हीच मास्तरांच्या क्लासला चला. तिथं माझ्या मागं उभे राहा. म्हणजे घोळका पण झाला आणि पर्सनल पण झालं."

असं त्या जंगलात कधी घडलं नव्हतं. मास्तर वर, सर मागं आणि मधे केरबा.

"लोंबा!" मास्तर ओरडले. केरबानं मनात लोंबायला डोळे मिटले. सरांनी काटे उभे केले. पण काटे काय एकाच दिशेला उभे राहतात? केरबा उडाला, तसा डावीकडचा गवा उडाला, उजवीकडच्या सांबरिणी उडाल्या. ससा जागा झाला तो गव्याच्या पाठीवर.

"वा! आज क्लास काय रंगलाय!" मास्तर खूश झाले.

"माझ्यामुळं," सर म्हणाले.

"हुकूम माझा होता."

"तुमच्या हुकमानं आजवर पान तरी हललं होतं का?"

"ओ सर, आधी स्वतःचे केस विंचरा, मग बोला!"

दोघांचं असं रोज चालायचं. केरबाला दोन्ही आवडायचं. फक्त एक झालं. दोन प्रकारचा व्यायाम, म्हणून भूकही दोन प्रकारची लागायला लागली. घोळक्यात उंबरं व्हायची, आणि सरांची पाठ वळली की वाटेवर वारुळं व्हायची. आता तर दारात शिरून बघायचंही त्यानं सोडून दिलं. पिल्लं हसतात म्हणायचा.

ठकूला सगळं दिसत होतं. पोट कमी झालेलं नव्हतं. उलट त्याला खाली आणखी एक घडी पडली होती. आणि डरकाळी आता ओढ्याच्या अलीकडनं येत होती.

एका दुपारी ती कंद घेऊन आत शिरली आणि थबकली. शिरताना तिचा खांदा दाराच्या मातीला रोज घासायचा. आज घासला नाही. ती बाहेर आली. पुन्हा आत गेली. नाहीच घासला.

तिनं डाव्या अंगाला बघितलं. कंद खणून खणून तिथली माती आत ढासळली होती.

मग तिनं इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं.

वरच्या बाजूला कंद अजून मोठे होते, हातासरशी निघण्यासारखे. पण त्या दिवसापासून ठकू दाराला खेटूनच खणायला लागली.

"अगं, एवढे कंद?" केरबानं विचारलं.

"सरांची फी आहे," ती म्हणाली. "फीत हात आखडला, की गुण येत नाही."

आणि एका तिन्हीसांजेला वाघ आला. ठकू आत होती. केरबा दारासमोर बसून पिल्लांना मनात लोंबायला शिकवत होता. करवंदीची जाळी हलली. पिल्लं सुळकन आत पळाली. केरबानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. डोकं गेलं. खांदे गेले. पोट गेलं! तो जो आत घुसला तो समोरच्या भिंतीवर आपटला आणि तिथंच बसला.

"ठके," तो म्हणाला, "मी आत आहे."

"दिसतंय. बाजूला सरका."

कारण त्याच्या मागोमाग दारातून वाघाचं डोकं आत आलं होतं. ठकूनं पंजा उचलला. इतके दिवस कोरडी माती खणून त्या पंजाची पहार झाली होती. एकच दिला, नाकावर. वाघ आला तसाच उलटा गेला आणि डोंगर ओलांडेपर्यंत शिंकत होता.

हे सगळं लिंबाजी मास्तरांनी झाडावरनं बघितलं. सकाळी दारात सारं जंगल गोळा झालं.

"केरबा बारीक झाला! माझ्या क्लासचा गुण!"

"एकट्यावर मेहनत घेतली ती मी!" सरांचे काटे उभे राहिले. गर्दी जरा मागं सरकली.

"वहिनी, तुम्हीच सांगा," मास्तर म्हणाले. "घोळक्याचा गुण की एकट्याचा?"

ठकूनं तोंड उघडलं. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. किती दिवसांनी तो पोट आत न ओढता चारचौघांत उभा होता. सांबरिणी त्याला काय काय विचारत होत्या. पण केरबाचं तिकडं लक्ष नव्हतं. तो दाराच्या डाव्या अंगाकडं बघत होता. मग त्यानं ठकूच्या नखांतल्या मातीकडं बघितलं.

दोघांची नजर एक झाली.

"दोन्हींचा," ठकू म्हणाली.

"दोन्हींचाच," केरबा म्हणाला.

मग काय! मास्तरांनी आणि सरांनी मिळून एकच क्लास काढला. सारं जंगल नाव घालायला धावलं.

संध्याकाळी ठकू एक भलामोठा दगड ढकलत दारापाशी आणायला लागली. केरबा आत पसरला होता.

"दगड कशाला गं?"

"वारं येतं आत."

केरबानं दाराच्या डाव्या अंगाकडं बघितलं. "येतं खरं," तो म्हणाला. मग उठला, बाहेर आला आणि दगडाला त्यानंही खांदा लावला.

तात्पर्य : अंग उतरत नसेल, तर बाळांनो, घोळक्याचा क्लास सोडू नये आणि पर्सनल ट्रेनरही सोडू नये. दोन्ही नेमानं करावं आणि फी वेळेवर द्यावी. त्या फीसाठी घरातलं कुणीतरी खणत राहतं, आणि दार हळूहळू आपल्या मापाला येतं. मात्र हे बाहेर बोलू नये. शिकवणाऱ्यांना वाईट वाटतं.