फुगा की नळी

कॅनडातल्या किचनर शहरातल्या घराच्या बेसमेंटमध्ये शंकररावांनी दोन यंत्रं टेबलावर मांडली आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला. पलीकडे हॅलिफॅक्सहून कोमल, त्यांची मुलगी, व्हिडिओवर होती.

"बाबा, हे काय? दोन-दोन?"

"एक फुग्याचं, एक नळीचं. फुग्याच्या यंत्रात पंप वाफ पिशवीत भरतो, मग आपण ती ओढायची. नळीच्या यंत्रात पंप नाही, थेट आपणच ओढायचं. जे चांगलं ठरेल ते ठेवायचं, दुसरं महिन्याच्या आत परत."

"जस्ट पिक वन, बाबा. आईला झोप हवीय, कम्पॅरिझन नको."

बेबीताईंची कंबर दोन वर्षं दुखत होती. रात्री त्या पलंगाच्या कडेला बसून राहत आणि शंकरराव जागे असले तरी डोळे मिटून पडत, कारण काय बोलावं ते त्यांना सुचत नसे. वेदनेच्या गोळ्या पोटाला सोसेनात, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गांजाचा पर्याय सुचवला. धूर नको, एक तर तेलाचे थेंब घ्या किंवा वाफ. तेलाबद्दल त्या पुढेही काही बोलल्या, पण शंकररावांचं लक्ष वाफेवर अडकलं. कॅनडाला येण्यापूर्वी वीज केंद्रात बॉयलर सांभाळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. वाफेचा प्रश्न आणि तो दुसऱ्या कुणी सोडवायचा?

अडचण एकच होती. आंबेडकर असोसिएशनच्या प्रत्येक कार्यक्रमात पंचशील शंकररावच म्हणवून घेत. मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं पाचवं शील सगळ्यांकडून वदवून घेणारा माणूस चाचणीसाठी का होईना, स्वतः गांजाची वाफ कशी ओढणार? त्यांनी तोडगा काढला. चाचणी ओव्यावर घ्यायची. गांजाची सीलबंद बरणी चहाच्या डब्यामागे गेली आणि मसाल्याच्या फडताळातला ओवा बेसमेंटमध्ये उतरला.

तिसऱ्या दिवशी बेबीताई शिंकत म्हणाल्या, "अहो, तुमच्या अंगाला बाळंतिणीच्या खोलीसारखा वास येतोय. निर्णय होईपर्यंत खालीच झोपा."

शंकररावांनी उशी खाली नेली.

त्या रविवारी असोसिएशनचे अध्यक्ष हर्षवर्धन आणि त्यांची पत्नी जयंतीवहिनी सहा डिसेंबरच्या कार्यक्रमाचं ठरवायला आले. हर्षवर्धनांचं नाक चोंदलं होतं. तरी वास आलाच, आणि वासामागे ते बेसमेंटमध्ये उतरले.

"जय भीम, शंकरराव. हे काय, ओवा? आणि तो फुगा कसला?"

शंकररावांना खरं सांगता आलं असतं. औषध होतं, कायदेशीर होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. पण जिभेवर आलं ते वेगळंच. "सर्दीसाठी. ओव्याची वाफ. बेबीसाठी घेतलंय."

"भले! द्या इकडे."

हर्षवर्धनांनी अख्खा फुगा एका दमात रिकामा केला, डोळे पुसले आणि जाहीर केलं, "नाक मोकळं! टोटली ओपन!"

घरी पोचण्याआधीच त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला. पुढच्या शनिवारी ड्राइव्हवेत गाड्या मावेनात. शंकररावांनी बर्फ शोव्हल करून आणखी दोन गाड्यांपुरती जागा केली. बेसमेंटमध्ये दोन तट पडले. फुगेवाल्यांचं म्हणणं, वाफ आयती मिळते, मेहनत नाही. नळीवाले म्हणत, आयत्या वाफेत ओव्याचा अर्क राहत नाही. एका काकांनी घरून निलगिरीचं तेल आणलं, ते नळीत ओतण्यापूर्वी शंकररावांनी त्यांचा हात धरला. हर्षवर्धन फुग्याच्या बाजूने इतके तावातावाने बोलले, की कार्यक्रमाचे वक्ते ठरवायचे राहूनच गेले.

बेबीताई कंबरेवर हात ठेवून जिना उतरत, चहाचा ट्रे ठेवून परत चढत. एकदा कुणीतरी विचारलं, "वहिनी, तुम्ही नाही घेत?"

"मला सर्दी नाही," त्या म्हणाल्या.

शंकररावांनी मान खाली घातली आणि तापमानाचं बटण उगाचच फिरवलं.

रोज ते विचारत, "कंबर कशी आहे?"

"आहे," बेबीताई सांगत.

"आता झालंच. एवढा आठवडा."

असे तीन आठवडे गेले. यंत्र परत करायची मुदत टळली. आता दोन्ही यंत्रं घरचीच झाली होती, तरी शंकररावांना निवड करायचीच होती. अखेर एका शनिवारी दुपारी, खाली मंडळी नळी आणि फुगा आळीपाळीने ओढत असताना, त्यांचा निर्णय झाला. नळी. फुगा धरायला उठून बसावं लागतं, लांब नळी पडल्या पडल्या ओढता येते. ते ताडकन उठले, बेबीताईंना सांगायला वर गेले.

बेबीताई सोफ्यावर कुशीवर झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं होतं. किचनमध्ये जयंतीवहिनी कप विसळत होत्या.

"हळू बोला, भाऊजी. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"दिवसा? झोप लागली?"

"रात्रीचीही लागते की. मी तेल दिलंय ना तिला. ह्यांच्या गुडघ्यासाठी आणते तेच. जिभेखाली चार थेंब. त्यात नशा नसते, शीलही सलामत."

"हर्षवर्धन घेतात? गांजाचं?"

"दोन वर्षं झाली. कुणाला बोलू नका, अध्यक्ष आहेत."

शंकररावांनी सोफ्याकडे पाहिलं. "बेबीला कधीपासून देताय?"

"तुमचा फुगा पहिल्यांदा बघितला ना, त्या रविवारपासून. इथेच ओट्याशी रडली हो ती. मग मी पर्समधली बाटलीच काढून दिली."

"मला का नाही सांगितलं तिने?"

जयंतीवहिनींनी कप पुसून ठेवला. "म्हणाली, रिटायर झाल्यापासून माणूस एवढा कशात रमला नव्हता. माझ्यासाठीच चाललंय, होऊ दे त्याचं."

खालून हर्षवर्धनांची हाक आली, "शंकरराव, ओवा संपला!"

शंकरराव खाली गेले. त्यांनी दोन्ही यंत्रांचे प्लग काढले. फुगा सुस्कारा सोडत टेबलावर आडवा झाला. महिनाभर बेसमेंटमध्ये घरघरणारा पंप थांबला आणि शांततेत वरून संथ, एका लयीत घोरणं ऐकू येऊ लागलं.

"कोण घोरतंय?" हर्षवर्धनांनी विचारलं.

शंकरराव जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हाच आवाज ऐकायला त्यांनी यंत्रं आणली होती. तो रोज रात्री येत होता, आणि ते खाली झोपले होते.