लोखंडापासून लांब

माझी एक चूक तीन वर्षं दुसरा माणूस आपली म्हणून वागवत होता. पण आधी तो माणूस सांगायला हवा. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

सुभेदार पुकळे, म्हणजे आमचे नाना, वर्तमानपत्र जमिनीवर पसरायचे, त्याचा माथा उत्तरेकडे करायचे आणि मग दक्षिणेच्या बाजूला जाऊन बसायचे. विश्रामबागेत ते आमच्या शेजारी राहायला आले आणि सकाळचा पेपर वाचायला आमच्याकडे यायला लागले. आमच्या बाहेरच्या खोलीत दक्षिणेला चपलांचं कपाट आहे. सोफा रिकामा, आणि एक निवृत्त सुभेदार चपलांना पाठ टेकून अग्रलेख वाचतोय, हे बघून आलेले पाहुणे माझ्या बायकोकडे चमत्कारिक नजरेनं बघायचे. तिनं एकदा पेपर उचलून त्यांच्या हातात दिला. नानांनी तो परत होता तसा लावला.

"कागद आपल्याकडं फिरवायचा न्हाई वैनी. आपण कागदाकडं फिरायचं."

घराणं आटपाडीकडचं, मेंढरांमागे फिरणारं. नाना सैन्यात गेले आणि बरीच वर्षं जवानांना नकाशा वाचायला शिकवत राहिले. डावं-उजवं हे शब्द त्यांना चालत नसत. तुम्ही तोंड फिरवलंत की डावं बदलतं, उत्तर बदलत नाही, हे ते भाजीवालीलाही समजावून सांगत. पार्सल घेऊन येणाऱ्या पोरानं फोनवर पत्ता विचारला, तर पाण्याच्या टाकीपासून किती अंशांवर आपलं घर आहे ते सांगत. पोरगं म्हणे, आजोबा, लोकेशन पाठवा. नाना म्हणत, मग आता काय पाठवलं?

स्वयंपाकघरातही तेच. जेवताना नानींना म्हणायचे, पूर्वेचा डबा द्या. नानी जागच्या हलत नसत.

"पूर्वेच्या डब्यात साखर हाय. घाला आमटीत."

त्यांचं सगळ्यात मोठं वैर लोखंडाशी. होकायंत्राजवळ लोखंड आलं की सुई बहकते, म्हणून हातात होकायंत्र घेतलं की ते कपाटापासून, ग्रिलपासून, गॅसच्या सिलिंडरपासून लांब जाऊन उभे राहत. म्हणजे बहुतेक वेळा गल्लीत. नानी दारातून बघत असायच्या. एकदा मला म्हणाल्या, "सर, ह्ये सोता लोखंडाचं असतं तर बरं झालं असतं. कवातरी घराला चिकटलं असतं."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि आमच्या छात्रसैनिकांची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. नानांना मीच शिबिरात नेलं. त्यांच्या तासाला मैदानात एक टॉवेल अंथरला जाई. किल्ल्या, मोबाइल, कडी, पट्टे, मुलींच्या केसांच्या पिना, सगळं त्या टॉवेलवर. मग मोकळ्या केसांच्या मुली आणि एका हाताने पँट धरलेली मुलं उन्हात उभी राहून बेअरिंग घ्यायला शिकत. समोरची खूण उत्तरेपासून किती अंशांवर आहे, तो आकडा म्हणजे बेअरिंग. नाना प्रत्येकाच्या मागे जाऊन उभे राहत आणि त्याच्या खांद्यावरून तो काय बघतोय ते बघत. कुणाचं चुकलं की रागावत नसत. "सुई थरथरायची थांबू दे गड्या. ती बी जीव हाय," एवढंच म्हणत. वर्षभर ते त्या आठ दिवसांवर जगत होते. दिवाळी झाली की मला विचारायला लागायचे, सर, औंदा कुठलं रान?

तीन वर्षांपूर्वी शिबिर कवठे महांकाळच्या बाजूला होतं. शेवटच्या दिवशी मुलांच्या तुकड्यांनी माळावरून चालत डोंगरापलीकडच्या तळ्यावर पोचायचं होतं. नानांनी सकाळीच नकाशावरून बेअरिंग काढून मला दिलं आणि ते शेंगा-गूळ घेऊन तळ्यावर जाऊन बसले. मुलांना वाटेला लावायचं काम माझं होतं. ऊन लागत होतं, एका पालकाचा फोन चालू होता. हात स्थिर राहीना म्हणून मी होकायंत्र जीपच्या बॉनेटवर ठेवलं, सुई बघितली आणि पहिल्या तुकडीला म्हटलं, तो समोरचा सुळका धरा.

तो सुळका भलताच होता. मुलं डोंगराच्या दुसऱ्याच अंगाला उतरली आणि एका द्राक्षबागेत शिरली. बागवाला काठी घेऊन धावला. पळताना एक मुलगी ओघळीत पडली आणि तिचा पाय मोडला. दिवस मावळताना सगळे सापडले. नाना तळ्यावरून चालत आले तेव्हा शेंगांची पिशवी तशीच भरलेली होती.

त्यांनी आल्या आल्या मला बाजूला घेतलं.

"सर, लोखंड लांब हुतं न्हवं?"

मी म्हटलं, "हो नाना. लांबच होतं."

त्यांनी मान हलवली. नंतर शिबिरप्रमुखांनी विचारलं, तर नाना म्हणाले, आकडा माझा होता, चूक माझी. मी बुटांकडे बघत उभा राहिलो. मुलीचा पाय बरा झाला. पुढच्या वर्षी शिबिराला नानांना बोलवायचं नाही असं ठरलं. वय झालंय, सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

दिवाळीनंतर नानांनी मला काहीच विचारलं नाही. पेपर वाचायला येणं बंद झालं. थोड्या दिवसांनी दोघं कायमची गावी राहायला गेली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. चपलांच्या कपाटापुढची जागा रोज सकाळी दिसायची.

गेल्या महिन्यात नानींचा फोन आला. तक्रार काही नव्हती. आटपाडीच्या बाजारातून बोलत होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "सर, ह्यांनी काल मला इचारलं, स्टँडला कुठनं जायचं. मला. मी म्हटलं चेष्टा करत्यात. तर न्हाई. खरंच इचारत हुते."

दुसऱ्या दिवशी मी आटपाडीची गाडी पकडली.

नाना रानात होते. डाळिंबाच्या पलीकडे त्यांचं थोडं पडीक माळरान आहे. त्यात जागोजागी चुन्यानं रंगवलेले धोंडे दिसत होते. एक इथं, एक ओढ्याकाठी, एक पार वर बाभळीखाली. मला वाटलं, रिकामपणाचा उद्योग. नानांना मी आल्याचा आनंद झाला, पण त्यांनी मला बसायला सांगितलं ते "इकडं बसा" असं. कुठल्या दिशेला, ते सांगितलं नाही.

धोंड्यांचं विचारलं तर आधी हसले. मग म्हणाले, रोज सकाळी घरी नकाशा काढतो, आकडे मांडतो आणि निघतो. धोंड्यावर बरोबर पोचतोय का बघतो.

"आणि?"

"पोचतो की."

"रोज?"

"रोज. पर त्याचं काय हाय सर, ह्ये घरचं रान. हितं मेंढरू बी पोचतंय." होकायंत्र त्यांनी खिशातून काढलं आणि न उघडताच परत ठेवलं. "त्या दिवशी कसा चुकलो, त्ये अजून सापडंना. लय येळा मांडून बघितलं. कागदावर बरोबर येतंय. म्हंजे बिघाड हितं हाय." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "पोरीचा पाय माझ्यामुळं मोडला. आता कुणाला वाट सांगायची म्हटली तर जीभच उचलत न्हाई."

नानी चहा घेऊन बांधावरून येत होत्या. त्या पोचायच्या आत सांगायला हवं होतं. मग वाटलं, नको, त्यांनाही ऐकू दे. त्या येईपर्यंत मी थांबलो.

"नाना," मी म्हटलं, "तुमचा आकडा बरोबर होता. होकायंत्र मी जीपच्या बॉनेटवर ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, आणि नंतर तीन वर्षं गप्प बसलो. पोरीचा पाय माझ्यामुळं मोडला. तुमचं काहीही चुकलं नव्हतं नाना. मला माफ करा."