नळ आला की वांगं

आमच्या हर्सूलच्या कॉलनीत नळ आला की बाया हंडे घेऊन धावायच्या आणि शेजारचे भानुदासभाऊ वांगं भाजायला घ्यायचे.

दुष्काळाची वर्षं होती. चारी बाजूंनी इमारती उगवत होत्या, पाणी मात्र आठवड्यातून एकदा. भाऊ वाळूजच्या कारखान्यात मालाची तपासणी करून निवृत्त झालेले. आतड्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पोटावर कायमची पिशवी बसली होती. जे बाहेर पडायचं ते तिच्यात. तिला ते ‘डिस्पॅच’ म्हणत.

नर्सनं सांगितलेलं, नवा पदार्थ एका वेळी एकच, थोडाच, बारीक चावून. भाऊंनी त्यात आपलं कलम घातलं: नळाच्याच दिवशी.

“पिशवी बिघडली तर धुवायला पाणी नको का, वहिनी?”

मग ओट्यावर बसून ते भरिताचा घास चावायला लागत. माझी दोन पिंपं भरून व्हायची, यांचा तोच घास चालू. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून निकाल यायचा. “वांगं पास!” “मेथी पास, पण आवाज लई करती.” एकदा म्हणाले, “मका रिजेक्ट. डिस्पॅच जाम.”

“अहो, मग दवाखान्यात जायचं ना!”

“जाऊन आलो की. रात्री, तुमचं नळावरचं भांडण चाललंच होतं तवा.”

“वरण-भात खा की गप. एवढी घाई कशाची?”

“दिवाळीच्या आत माल क्लिअर करायचाय.”

भाऊबीजेला माझं माहेर आणि त्यांची अक्का, दोन्ही गंगापूरला. एकाच जीपनं निघालो. भाऊंच्या मांडीवर पाण्याचा भलामोठा कॅन.

“चाचा, गंगापूर में भी पानी मिलता है,” ड्रायव्हर म्हणाला.

“असंल. मी माझा नळ घेऊन फिरतो.”

अक्कांनी मलाही जेवायला बसवलं. घरात त्या एकट्याच. ताट आलं आणि मी बघतच राहिले. भरीत, मेथी, कढी, पुरणपोळी. आमच्या कॉलनीत जे जे पास झालं होतं, ते सगळं त्या ताटात होतं.

अक्का तूप आणायला गेल्या. “त्यांना सांगितलं नाही?” मी हळूच विचारलं.

“नाय. आजारी म्हणलं की मऊ भात वाढंल. वर्षभर ह्या एका ताटाची वाट बघती ती. तिच्याकडं दुसरं कोण हाय जेवायला?”

अक्का तुपासोबत एक वाडगा घेऊन आल्या. “टीव्हीवर बघून केलं. मंचुरियन. सगळी कोबीच हाय.”

भाऊंनी कॅनकडं पाहिलं. मग एक गोळा तोंडात टाकला आणि चावत राहिले.

“आवडलं नाय का रं?”

तेवढ्यात डिस्पॅच जोरात गुरगुरला.

“बघा, पोट कसं वरडतंय भुकेनं!” अक्का खुलल्या आणि आणखी दोन गोळे वाढले. भाऊंनी तेही संपवले.

परतीच्या जीपमध्ये कॅन रिकामा होता.

“रिजेक्ट?” मी विचारलं.

“सपशेल.” त्यांनी रिकामा कॅन पायाशी ठेवला. मग म्हणाले, “वहिनी, पुढच्या नळाला अर्धी कोबी आणता का? वर्ष हाय हाताशी. जमंल.”