केसभर डावीकडे

जावयाने लाकूड कोरणाऱ्या मशीनला स्विच बसवला आणि त्यापायी घरातला एक माणूस बेकार झाला. हे त्याच्या ध्यानात यायला पंधरा दिवस लागले.

मशीन हौसेचं, मागच्या खोलीतलं. कॉम्प्युटर सांगेल तसं फिरून ते लाकडावर अक्षरं कोरायचं. पण चालू केलं की आपण कुठे उभे आहोत हेच त्याला ठाऊक नसे. दर वेळी पातं सरकवत आणून कोपऱ्यातल्या पेन्सिलच्या फुलीवर टेकवावं लागे. हे काम सासऱ्यांचं. ते लेकीकडेच राहायचे, आणि उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला होता. चष्मा चढवून, एक डोळा मिटून ते म्हणत, "अजून... अजून... केसभर मागे... हं, बस." मधेच एखाद्या जुन्या पाटीची गोष्ट निघे. सगळं मिळून वीस मिनिटं जात आणि जावयाला ऑफिसला उशीर होई.

म्हणून बिल्डिंगमधल्या चौदा दारांच्या पाट्यांचं काम आलं तसं त्याने स्विच आणला. आता बटण दाबलं की मशीन आपलं आपण कोपऱ्यात जाई, स्विचला टेकून टक् करी आणि थांबे. सासऱ्यांनी वाकून ते एकदा पाहिलं.

"याला कळतं, कुठे थांबायचं ते?"

"कळतं, बाबा. तुम्ही आता निवांत बसा."

सासऱ्यांनी चष्मा डबीत ठेवला.

पण निवांत बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते स्वयंपाकघरात शिरले. आधी डब्यांची रांग सरळ झाली. मग प्रत्येक डब्याखाली फळीवर पेन्सिलने फुली आली. मग बादलीची फुली, चपलांची फुली, खुर्चीच्या चार पायांच्या चार. इकडे जावई पाट्या कोरत राहिला, लोकांनी त्या दारांवर ठोकल्याही, आणि पंधराव्या दिवशी बायकोचा संयम सुटला.

"माझ्याच घरात मी कुठे उभं राहायचं, ते आता फुली बघून ठरवू का?" ती म्हणाली. "तुझा तो स्विच गेला खड्ड्यात. बाबांना त्यांचं काम परत दे."

जावयाला मनापासून वाईट वाटलं. वीस मिनिटं वाचवून त्याने असे कोणते दिवे लावले होते? पण सरळ जाऊन "बाबा, चुकलो" म्हणेल तर तो जावई कसला. त्याने गुपचूप स्विचची वायर उपटली, सासऱ्यांना बोलावलं, स्विच बिघडलाय म्हणून सांगितलं आणि खरं वाटावं म्हणून बटण दाबलं.

आता थांब म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं. मशीन कोपऱ्यात गेलं, कोपरा संपला तरी जातच राहिलं आणि चौकटीला खर्रर्र करत ढुशा देऊ लागलं. जावई बंद करायचं बटण शोधत बसला. सासऱ्यांनी भिंतीवरचा प्लग काढला.

मग वाकून त्यांनी लोंबणारी वायर पाहिली. "तुटलेली नाहीये. कोणीतरी काढलीये."

जावई मान खाली घालून उभा. सासऱ्यांनी वायर स्वतः जागेवर बसवली, प्लग लावला, बटण दाबलं. टक्. मग डबीतून चष्मा काढून चढवला आणि एक डोळा मिटला.

"केसभर डावीकडे."

जावयाने कोपऱ्यातल्या फुलीला पट्टी लावून बघितलं. खरंच होतं. स्विच बसवतानाच केसभर डावीकडे बसला होता, आणि तेव्हापासून मशीन दर वेळी इमानदारीने तितकंच चुकत होतं. चौदाच्या चौदा पाट्या त्यात गेल्या होत्या.

"तुम्हाला कधी दिसलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

सासरे चष्मा पुसत राहिले.

"मी विचारलं होतं ना, याला कळतं का. तुम्ही म्हणालात, कळतं."