वरचे साडेचार तास

निवृत्त भूगोल शिक्षकाच्या घरात विमानाचं तिकीट येऊ नये. आलंच, तर ते त्याच्या हाती लागू नये. मास्तरांच्या लेकीने मात्र ते थेट बाबांच्याच फोनवर पाठवलं. चार वर्षांनी ती येत होती. सोबत नात होती, आणि नातीने आजोबांना आजवर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. विमानतळाच्या दारात तिला सगळ्यांत आधी आपणच दिसावं, एवढी एकच मास्तरांची इच्छा. त्यासाठी त्यांनी 'मी आजोबा' अशी ठळक अक्षरांत पाटीही रंगवून तिला फोनवर दाखवली होती.

तिकिटावर लिहिलं होतं, तिकडून रात्री साडेदहाला सुटणार, इकडे सकाळी साडेदहाला पोचणार. एवढ्यावर विश्वास ठेवायला मास्तर काही तुमच्याआमच्यासारखे नव्हेत. त्यांनी कपाटावरून पृथ्वीचा गोल काढला, दोन शहरांमध्ये शिवणाचा दोरा ताणला आणि पट्टीवर मोजला. अंतर साडेसहा हजार किलोमीटर, वेग ताशी नऊशे, चढउतार धरून साडेसात तास. म्हणजे तिकडे पहाटेचे सहा. इकडचं घड्याळ साडेचार तास पुढे, म्हणून साडेदहा.

उत्तर तिकिटाशी तंतोतंत जुळलं. दुसरा कोणी इथे थांबला असता. मास्तरांना शंका आली. तिकीट काढलं तिकडे, म्हणजे त्यावरचे साडेदहाही तिकडचेच. त्यात साडेचार तास मिळवले, की दुपारचे तीन.

"अहो, ते साडेचार तास एकदा मिळवलेत ना?" बायकोने विचारलं.

"एकतीस वर्षं रेखांश शिकवलेत मी."

अडतीस वर्षांच्या संसारात मास्तरांचं एकही गणित चुकलेलं नव्हतं. चुकले होते ते रेल्वेचं वेळापत्रक, शिंप्याचं माप आणि दोनदा सूर्योदय.

त्या दिवशी सकाळी नऊला ती पर्स घेऊन निघाली. आपण विमानतळावर चाललोय, यायचं तर चला, असं तिने सरळ सांगितलं. मास्तरांनी मोठ्या मनाने तिच्या हाती वर्तमानपत्र दिलं. साडेचार तास बसायचं तर वाचायला काही हवं. मग निवांत दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला, दीडचा गजर लावला आणि पाटी मांडीवर घेऊन आरामखुर्चीत डोळा लावला.

बाराला बेल वाजली. दारात बायको, लेक, तीन बॅगा आणि नात.

"साडेचार तास आधी?" मास्तर उद्गारले.

लेक बापाला ओळखून होती. "वारा पाठीशी होता, बाबा. जोराचा."

"तेच म्हणतो मी," मास्तर खुलले. वाऱ्यांच्या दिशांवर ते बोलायला लागणार, तेवढ्यात नातीने पाटीकडे बोट दाखवलं.

"ही तिकडे दारात धरणार होता ना? मी सगळीकडे शोधलं तुम्हाला."

मास्तरांचा वारा पडला. फार वाईट वाटलं त्यांना. ते खाली बसले आणि तिच्या कानाशी पुटपुटले, "आजोबांचं गणित चुकलं गं."

बॅग आत नेणारी बायको जागीच थांबली.

"काय म्हणालात?"

"ऐकलंस की तू."

"ऐकलं. पण जरा थांबा," ती बॅग खाली ठेवत म्हणाली, "शेजारच्या वहिनींना बोलावते, मग परत म्हणा."