गावंडे सिस्टरांचे हात

गावंडे सिस्टर लिफ्टचं बटण कोपरानं दाबतात. आमच्या इमारतीची लिफ्ट एरवी कुणाला जुमानत नाही, पण सिस्टरांचं कोपर लागलं की निमूट वर येते. बेल कोपरानं, जिन्यातला दिवा कोपरानं आणि आमच्या दारावर थाप मारायची ती पायानं. पहिल्यांदा तशी थाप पडली तेव्हा पोलीस आले समजून मी बायकोला दार उघडायला पाठवलं होतं.

त्या आमच्या समोर राहतात. मूळच्या यवतमाळकडच्या, पण कसब्यात येऊन बरीच वर्षं झाली. पुण्याच्या मराठीनं त्यांची बोली पार धुऊन काढली, तरी 'काहून' आणि 'जी' तेवढे चिवटपणे टिकून राहिले. माझ्या जंतूंसारखे, असं त्या स्वतःच म्हणतात. एका मोठ्या इस्पितळात अगदी टोकाला काही खोल्या आहेत. ज्यांच्या अंगातले जंतू एकाही अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, अशा रुग्णांना तिथं वेगळं ठेवतात. या त्या खोल्यांच्या सिस्टर.

त्यामुळे समोरच्या माणसाचा चेहरा त्या सर्वांत शेवटी पाहतात. आधी विचारतात, "हात कुठं कुठं फिरून आले जी?" हात म्हणजे जणू शाळा बुडवून हिंडणारी दोन पोरं. संक्रांतीला त्या चिमट्यानं तिळगूळ देतात आणि चिमट्यानंच घेतात. आता पुण्यात माणसं एकमेकांना सहसा हात लावत नाहीतच, पण त्यामागे स्वच्छता हे कारण नसतं. फोनसुद्धा त्या कानाला लावत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, लांब ठेवून, स्पीकरवर बोलतात. त्यामुळे त्यांचे सगळे फोन आम्हालाही येतात म्हणायला हरकत नाही.

एकदा माझा घसा बसला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून उरलेल्या मी कपाटात ठेवून दिल्या. हे मी सिस्टरांना सांगितलं, तेही जरा ऐटीत.

"काहून?" त्या कडाडल्या. "अर्धमेले करून सोडून दिले त्यांना? आता ते शहाणे होऊन परत येतील. अन् शहाणे झाले की थेट माझ्या खोलीत येतात!"

गोळ्या संपेपर्यंत रोज सकाळी दारावर लाथ बसत होती. मी गोळी गिळायचो, मग आ करून दाखवायचो. या वयात.

पण त्यांची खरी ओळख पटली ती आमच्या काकांच्या दुखण्यात. खुब्याचं ऑपरेशन झालं, जखम चिघळली, औषधं बदलून बदलून थकली आणि काका सिस्टरांच्या खोलीत येऊन पडले. मी काकूंना घेऊन गेलो. काकू नाकाला पदर लावून दारातच उभ्या राहिल्या.

"काकू," सिस्टर म्हणाल्या, "लांबून दर्शन घ्यायला हे देऊळ आहे का? हात धुवा, झगा चढवा, हातमोजे घाला अन् त्यांचं डोकं चेपून द्या. केव्हाचा माणूस छताकडं पाहून राहिला."

"पण मला काही झालं तर?"

"मी रोज लावते ना हात? मले झालं काही? आल्यावर धुवायचे, जाताना धुवायचे. बस."

काकू गेल्या. काकांच्या कपाळावर तो रबरी हात पडला तेव्हा आमचे काका, ज्यांनी उभ्या आयुष्यात काकूंशी भाजीच्या पिशवीपलीकडे बोलणं केलं नसेल, ते डोळे मिटून रडले. काका आता हिंडतात-फिरतात. आणि आमच्या घरात गावंडे सिस्टरांविरुद्ध एक शब्द चालत नाही.

म्हणूनच पल्लवीचं प्रकरण आम्हाला समजेना. पल्लवी ही सिस्टरांची एकुलती एक मुलगी. नवरा लवकर गेला, सिस्टरांनी एकटीनं तिला वाढवलं. ती आता हिंजवडीला कंपनीत आहे, सासरही तिथंच. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, यात विचारण्यासारखं काही नसतं. पण सिस्टरांनी स्वच्छ शब्दांत नाही म्हणून सांगितलं. फोन अर्थातच स्पीकरवर होता.

"मम्मी, सिरियसली? तुला मी नकोय का? मग तसं सरळ सांग ना!"

सिस्टर म्हणाल्या, "जेवलीस का?"

पलीकडून फोन बंद झाला.

मुलगी झाली, जरा लवकर झाली. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली होती, मग ठणठणीत होऊन घरी आली. कुणीही घ्या, फक्त हात धुवा, असं तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं. सिस्टर गेल्या नाहीत. नाकातोंडावर मास्क बांधून त्यांनी डिंकाचे लाडू वळले आणि डबा माझ्या हातात दिला. हिंजवडीच्या गर्दीत ते लाडू माझ्याबरोबर चांगले मुरले. परत आलो तर सिस्टर जिन्यातच उभ्या. "केवढी आहे जी? मुठी मिटते? पाय मारते?" मी म्हटलं, "अहो, जाऊन बघा की!"

"बघीन. पण बघितल्यावर घ्यावंसं वाटते ना," त्या म्हणाल्या. "दिवसभर त्या खोल्यांत असते मी. इवलासा जीव तो. काकूंना सांगणं सोपं होतं."

बारशाला मात्र त्या आल्या. वरवंटा आमच्याकडून गेला, कारण हिंजवडीच्या त्या अख्ख्या संकुलात मिक्सर सोडून काही नव्हतं. पिशवीतला दगड पाहून गेटवरच्या रखवालदारानं माझी अशी चौकशी केली, की मी अतिरेकी नसल्याचं मलाच क्षणभर खात्रीनं सांगता येईना. सिस्टरांनी आधी तो वरवंटा साबणानं खसखसून धुतला आणि मग जाऊन दाराशी, चपलांच्या कपाटाजवळ उभ्या राहिल्या. "मी इथूनच पाहते." काकूंना विचारलेला देवळाचा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. विचारवला नाही.

बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून आणि वरून फिरवतात. पाळण्याच्या एका बाजूला पल्लवीच्या सासूबाई होत्या, दुसऱ्या बाजूला आजीच हवी. "या हो विहीणबाई," त्या म्हणाल्या. "दगडच आहे, त्याला काय होतंय!"

सिस्टर आल्या. वरवंटा पाळण्याखालून त्यांच्या हातात आला. तो त्यांनी वरून परत द्यायचा होता. त्यांनी दिला नाही. एक हात कुंचीच्या डोक्याखाली, दुसरा पाठीवर, असा त्यांनी तो छातीशी धरला आणि हलकेच थोपटायला लागल्या. "अहो, द्या की इकडे!" म्हणून बायका हसल्या. सिस्टर डुलतच होत्या. मग कुणी हसेना.

पल्लवी बाळाला घेऊन उठली. लाडू पोचले हे सांगायलाही तिनं आईला फोन केला नव्हता. ती समोर येऊन उभी राहिली.

"मम्मी, हात कुठं कुठं फिरून आले?"

"कुठंच नाही गं," सिस्टर म्हणाल्या. "कुठंच नाही गेले."

"मग धुऊन ये."

सिस्टर आत गेल्या. नळ सुरू झाला तो थांबेचना. आम्ही सगळे ताटकळत उभे. शेवटी पल्लवीच बाळाला घेऊन आत गेली, मी तिच्या मागं दारापर्यंत. सिस्टर बोटांच्या बेचक्या चोळत होत्या, नखं चोळत होत्या, पुन्हा पहिल्यापासून साबण लावत होत्या आणि रडत होत्या.

पल्लवीनं कोपरानं नळ बंद केला.

सिस्टरांचे ओले हात तसेच वर राहिले. कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना.

"घे," पल्लवी म्हणाली.