भिकनआबांची पत्र्याची अक्षरं

भिकनआबांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, वाचताही येत नव्हतं. मोडता मात्र येत होतं.

गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत ते समोरच्या खोलीत एकटे राहायचे. उमेदीची वर्षं कापड विणायच्या लूमवर गेली आणि लूमच्या खडखडाटानं कानही नेले. मग कापड मार्केटात पार्सलवर मार्का मारायचं काम मिळालं. पत्र्यात कापलेलं अक्षर गठ्ठ्यावर धरायचं, वरून काळ्या शाईचा ब्रश फिरवायचा, की व्यापाऱ्याचं नाव उमटतं. झिजलेले पत्रे आबा घरी आणायचे आणि संध्याकाळी ओट्यावर पत्त्यांसारखे मांडून बसायचे.

ट्रकच्या मागे ‘स्टॉप’ दिसला की आबा तो डोक्यात धरून घरी यायचे. “मोडून पाहू,” म्हणायचे. त्याच्या चार इंग्रजी अक्षरांचे पत्रे मांडून त्यांची जागा बदलत राहायचे. जुळलेल्या शब्दाला अर्थ असला तर तो ‘फ्रेश माल’, नसला तर ‘सेकंड’. सेकंडलाही ते नावं ठेवत नसत. “आज सेकंड. उद्या एखाद्या साहेबानं त्यालाही अर्थ लावला तर?”

फ्रेश की सेकंड हे ठरवायला इंग्रजी शाळेत शिकलेलं माणूस लागायचं. गल्लीत तसं एकच माणूस होतं, आणि ते बोलत नव्हतं. ते म्हणजे मी.

मी लेखी परीक्षांच्या जोरावर बी.ए. झाले. कोणी प्रश्न विचारला की उत्तर घशापर्यंत यायचं आणि तिथंच बसायचं. शेजारच्या सुमनमावशी म्हणायच्या, “हिचं इंग्लिश तोंडातच विरघळतं बाई.” एका शाळेच्या मुलाखतीत मी नुसती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघून परत आले होते. पप्पांनी शांतपणे सांगितलं, “आणखी एकदा बघ. नाही जमलं तर धुळ्याला आत्याकडे जा. तिथं स्थळं पाहू.” मला धुळ्याला जायचं नव्हतं. पण हेसुद्धा मी कोणाला बोलले नाही.

आबांनी पहिल्यांदा शब्द विचारले तेव्हा मी डिक्शनरी पाहून अर्थ कागदावर लिहून दिले. त्यांनी कागद उलटसुलट केला.

“याचं काय करू, माय? बिडी वळू? वाचता येत असतं तर तुझ्या दारी आलो असतो का? तोंडानं सांग.”

मी सांगितलं.

“मोठ्यानं. माझ्या कानात लूम अजून चालूच आहे.”

शेवटी मी ओट्यावर उभी राहून ओरडले, “पॉट्स म्हणजे मडकी!”

खिडकीतून सुमनमावशी म्हणाल्या, “किती लिटरची गं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ते पुढचा शब्द मांडत होते.

असं रोज चाललं. टी, ई, ए या तीन पत्र्यांनी त्यांना फार आनंद दिला. “चहा, खा आणि खाल्लं! त्याच तीन अक्षरांत? म्हणजे साहेब चहाबरोबर खाऊनही मोकळा!” मी हसले. मग मीच म्हटलं, “आबा, आता ट्रक नको, दुसरी पाटी आणा.” ते मी आपणहून बोलले हे मला रात्री जेवताना लक्षात आलं.

एकदा त्यांनी चार पत्रे मांडले. मी ओरडले, “निअर! जवळ!” त्यांनी तेच पत्रे फिरवले. “अर्न! कमावणं!”

आबांनी चारही पत्र्यांवरून बोट फिरवलं.

“माझ्याकडे एका अक्षराचा एकच पत्रा,” ते म्हणाले. “कमावणं मांडायचं तर जवळ मोडावं लागतं.”

त्यांनी पत्रे गोळा केले आणि आत गेले. आबांच्या पत्नी मथुराकाकू अमळनेरजवळच्या गावी राहायच्या. चार बिघे जमीन आणि आंधळी सासू, दोन्ही त्यांच्याच गळ्यात. लग्नानंतर दोघं सलग कधी राहिलेच नाहीत, असं आई सांगायची.

दुसरी मुलाखत उधन्याच्या एका लहान शाळेत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी नाव विचारलं. मी आबांना सांगते तसं सांगितलं. बाईंनी खुर्ची किंचित मागे सरकवली. “इतकं मोठ्यानं नको,” त्या म्हणाल्या, “पण पहिलीच्या वर्गाला असाच आवाज लागतो. सोमवारपासून या.”

रविवारी सकाळी मी पेढे घेऊन आबांकडे गेले तर दाराला कुलूप. सुमनमावशी म्हणाल्या, “एसटीडीवर असतील. रविवारी काकू गावातल्या किराणा दुकानात फोनपाशी बसते ना.”

बूथबाहेर रांग होती. काचेचं दार उघडंच होतं. आबा रिसीव्हर घट्ट धरून अहिराणीत बोलत होते. आठवड्याचे सगळे शब्द, अर्थांसकट. मध्येच थांबायचे, “हा, हा” करायचे आणि पुढे चालू.

मी ओरडले, “आबा, नोकरी लागली!”

त्यांचं तोंड उजळलं. फोनमध्ये म्हणाले, “ऐकस का? पोरले नोकरी लागनी!” मग रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

“ती काही म्हणते आहे. यातलं मला काही ऐकू येत नाही, माय. कान गेल्यापासून मीच बोलतो. ती काय बोलली असेल ते मनानं धरतो. तुझं मला ऐकू येतं. तू ऐक अन् सांग.”

मी रिसीव्हर कानाला लावला. लांबून, खरखरीतून, बाईचा आवाज आला. “कोन, शबद सांगनारी पोर का? त्यासले सांग माय, बठा शबद समजनात. आते घर या.”

मागे रांगेत अनोळखी माणसं होती. मी आबांकडे वळून जोरात म्हणाले, “सगळे शब्द समजले म्हणतात! आता घरी या म्हणतात!”

रांगेतून कोणीतरी गुजरातीत म्हणालं, “तो जाओ ने, काका!”

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांना ऐकू आलं होतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं.

“काय म्हणाली?” त्यांनी विचारलं. “परत सांग, माय.”

मी परत सांगितलं. आधीपेक्षा मोठ्यानं.